बाळ मेहेंदळे आणि वाळकं झाड

टिंबर मार्केटात कच्छी आणि गुजराती मंडळींच्या दुकानांची रांग संपत आली की मधेच एक मेहेंदळे लागतात. लाकडाच्या धंद्यात मेहेंदळे कसे शिरले हे कोणालाच नीट सांगता येत नाही. खुद्द बाळ मेहेंदळ्यांना विचारलं तर ते म्हणतात, "आजोबांना पौरोहित्य जमलं नाही." एवढंच.

त्यांचे वडील सागवान विकत. सागवान विकायला बोलावं लागत नाही, असं ते म्हणायचे. बाळ मेहेंदळ्यांनी हे जरा जास्तच मनावर घेतलं. गिऱ्हाइकानं "काका, हे टिकेल ना?" असं विचारलं की ते चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहत आणि म्हणत, "तुमच्यापेक्षा टिकेल." तरीही दुकान चाललं, कारण माल चोख होता आणि पुण्यात अपमान झाल्याशिवाय माल चोख असल्याची खात्री पटत नाही.

पुढे सागवानाचे भाव असे चढले, की लोक दाराच्या चौकटीपुरतं सागवान घेऊन फोटो काढू लागले. तेव्हा मेहेंदळ्यांनी उत्तरेकडचं पाइन आणायला सुरुवात केली. उत्तरेकडचं म्हणजे हिमालयातलं नव्हे. पार वरचं, जिथे हिवाळ्यात सूर्यसुद्धा रजेवर जातो तिथलं. फिनलंडहून बोटीनं यायचं, ट्रकनं घाट चढायचं आणि मेहेंदळ्यांच्या वखारीत येऊन पडायचं. प्रत्येक गठ्ठ्यावर हिरवा शिक्का असायचा : हे लाकूड शाश्वत पद्धतीनं राखलेल्या जंगलातलं आहे.

मेहेंदळ्यांना त्या शिक्क्याचं काही वाटत नसे. गिऱ्हाइकाला मात्र फार वाटे. कर्वेनगरातलं एखादं तरुण जोडपं बाहेर गाडीचा एसी चालू ठेवून आत यायचं आणि विचारायचं, "अंकल, हे सस्टेनेबल आहे ना? म्हणजे आम्हाला गिल्ट नको."

"एक झाड तोडलं की चार लावतात," मेहेंदळे सांगत.

जोडपं सुखावून तीन कपाटांऐवजी पाच कपाटांचं लाकूड नेई. दोन जास्त कपाटं म्हणजे आठ जास्त झाडं, असा त्यांचा हिशेब असावा.

त्यांचा मुलगा आमोद दुकानात येऊ लागल्यावर त्यानं हे वाक्य इंग्रजीत करून भिंतीवर लावलं. आमोदनं एमबीए केलं होतं आणि लाकडाला तो 'वुड सोल्यूशन्स' म्हणे. "सोल्यूशन द्यायला आधी प्रॉब्लेम लागतो," मेहेंदळे म्हणाले, "तो काय आहे तेवढं सांग." आमोदनं फोनमध्ये डोकं घातलं. प्रॉब्लेम समोरच खुर्चीवर बसला होता.

विक्री चांगली झाली म्हणून लाकूड पाठवणाऱ्या कंपनीनं एका सप्टेंबरात काही व्यापाऱ्यांना जंगल दाखवायला बोलावलं. मेहेंदळ्यांनी पत्नीचं तिकीट पदरचं काढलं. सुनीतीबाई शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर मुलांना सूचिपर्णी वृक्षाचं चित्र काढायला लावलं आणि तो वृक्ष स्वतः कधी नीट पाहिला नाही, याची त्यांना खंत होती. त्यांनी भाजणी, मेतकूट आणि दुर्बीण घेतली.

कंपनीचा तरुण अधिकारी त्यांना मोठ्या अभिमानानं जंगलात घेऊन गेला. सरळसोट झाडं, सगळी एका उंचीची, एका वयाची, ओळीत उभी. व्यापारी मंडळी फोटो काढू लागली. सुनीतीबाई दुर्बीण लावून बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, हे जंगल नाही. ही प्रार्थनेला उभी केलेली शाळा आहे. एकही पोरगं चुळबूळ करत नाहीये."

खरंच, पाखराचा आवाज नव्हता.

मेहेंदळ्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, "एक तोडलं की चार लावता, हे मला पाठ आहे. पण जे तोडलं, त्यात राहत होते त्यांचं काय करता?"

"कोण राहत होते?"

"पक्षी, खारी, किडे. आमच्या पेठेत जुनी इमारत पाडून नवी बांधतात. तिथे भाडेकरूंना पर्यायी जागा द्यावी लागते. नाहीतर कोर्ट."

अधिकारी हसला. पेठेतला माणूस भाडेकरूबद्दल विनोद करत नसतो, हे त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "चार झाडं मोठी झाली की ते परत येतील."

"किती वर्षांनी?"

"ऐंशी-शंभर."

"अच्छा," मेहेंदळे म्हणाले. "म्हणजे आमच्यासारखंच."

दुसऱ्या दिवशी बाकीची मंडळी करवतीचा कारखाना बघायला गेली. सुनीतीबाईंना करवत बघायची नव्हती, म्हणून दोघं मुक्कामाजवळच्या रानात फिरायला गेले. त्या देशात कोणाच्याही रानात कोणीही जाऊन रानमेवा वेचावा असा रिवाज आहे, हे कळल्यावर सुनीतीबाईंना आपलेपणा वाटला. पुण्यात पहाटे फिरायला जाणारी मंडळी दुसऱ्याच्या कंपाउंडातली जास्वंद याच समजुतीनं तोडतात.

लाल आंबट फळं वेचता वेचता त्यांना रानाची मालकीणच भेटली. हेल्वी नावाची सत्तरीची बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात बादली. तिचं रान त्या शाळेसारखं नव्हतं. लहान-मोठी झाडं एकमेकांत घुसलेली, भूर्ज आणि देवदाराचे भाऊबंद शेजारी शेजारी, मधेच आडवे पडलेले ओंडके आणि त्यांच्यावर हातभर जाड शेवाळ. फांद्यांवर करडी नक्षी लोंबत होती. सुनीतीबाईंनी ती बोटांनी चुरून नाकाशी नेली.

"अहो, हे तर दगडफूल! गोड्या मसाल्यातलं! नाही, त्याची मावसबहीण असणार."

हेल्वीला गोडा मसाला समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. तिला समजला नाही, पण जंगल फोडणीत घालणाऱ्या बाईबद्दल तिला आदर वाटला. मग तिनं दोघांना रानाच्या मध्यावर नेलं. तिथे एक मेलेला पाइन उभा होता. साल गेलेली, खोड चांदीसारखं करडं, शेंड्याला दोन वाकडे हात. मेहेंदळ्यांनी सवयीनं त्याच्यावर बोटाचं पेर वाजवलं आणि मनात घनफूट काढले.

"ही वॉज डेड बिफोर माय ग्रँडफादर," हेल्वी म्हणाली.

"मग विकलं का नाही? असं सुकलेलं लाकूड तर सोनं!"

हेल्वीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की मेहेंदळ्यांना दुकानातली आपलीच नजर आठवली. ती सावकाश, शब्द शोधत सांगू लागली. रानातल्या दर चार जिवांतला जवळजवळ एक मेलेल्या लाकडाच्या आधारानं जगतो. भुंगेरे, बुरशी, आळिंब्या, त्या किड्यांना खाणारे सुतारपक्षी, त्यांनी कोरलेल्या ढोलीत राहणारी घुबडं. ती लाकूड विकते, विकल्याशिवाय घर चालत नाही. पण निवडून तोडते, आणि म्हातारं झालेलं, मेलेलं तसंच ठेवते. "मेलेलं झाड जिवंत झाडापेक्षा जास्त जिवंत असतं," असं काहीसं ती म्हणाली.

"आमच्याकडे माणसाचं तसं असतं," मेहेंदळे म्हणाले. "फक्त शोकसभेपुरतं."

पण परतताना ते गप्प होते. सुनीतीबाईंना लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांच्या गप्प राहण्याचे सगळे प्रकार ओळखता येत. हा नवा होता.

पुण्याला आल्यावर मेहेंदळ्यांनी गिऱ्हाइकांना परत पाठवायला सुरुवात केली. "कशाला हवंय लाकूड?" असं ते आधी विचारत. कोणी म्हणे टीव्हीमागच्या भिंतीला. "टीव्ही पुढून बघतात," असं सांगून ते त्याला वाटेला लावत. कोणी जुनं कपाट मोडून नवं करणार असे. "जुन्याला काय झालंय? शंभू सुताराला पाठवतो, बिजागऱ्या बदलून देईल." गंमत अशी, की कोणालाही काही बदललंय असं वाटलं नाही. हा दुकानदार पूर्वीपासून असाच आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागणी उलट वाढली. मेहेंदळे कोणालाही लाकूड देत नाहीत, असं पसरल्यावर त्यांच्याकडून लाकूड मिळवणं ही कर्वेनगरात प्रतिष्ठेची बाब झाली.

आमोद खूश झाला. "बाबा, हे ब्रिलियंट आहे! स्केअर्सिटी मार्केटिंग!"

"मला खरंच विकायचं नाहीये रे."

"एक्झॅक्टली! हाच टोन ठेवा. मी रील करतो."

अशा वेळी इंद्रजीत दुकानात आला. त्याच्या वाडवडिलांची शेती शहरात ओढल्या गेलेल्या एका गावात होती. शेतीवर इमारती उगवल्या आणि इंद्रजीत बिल्डर झाला. नव्या प्रकल्पाचं नाव त्यानं 'फिनवुड हाइट्स' ठेवलं होतं आणि कचेरीच्या दारात कुंडीतले ख्रिसमस ट्री ओळीनं लावले होते. एप्रिल महिन्यानं त्यांची काय गत केली ते सांगायला नको. त्याला क्लबहाउससाठी, पायवाटांसाठी, सगळीकडे फिनलंडचं पाइन हवं होतं. ट्रकच्या ट्रक.

"काका, एकदम जंगल फील आला पायजे. आत शिरला की मानूस म्हनला पायजे, आपन यूरोपात हाय."

"आधी जागा बघतो," मेहेंदळे म्हणाले. सुनीतीबाई दुर्बीण घेऊन बरोबर निघाल्या.

जागा टेकडीच्या पायथ्याशी होती. बहुतेक सपाट झाली होती, पण मागच्या कोपऱ्यात हिवर, बाभूळ, पळस, मोई अशी झाडं दाटीनं उरली होती आणि मध्यावर एक प्रचंड शिरीष उभा होता. पूर्ण वाळलेला. खोडाला भोकंच भोकं. एका ढोलीतून पिंगळ्याची जोडी डोळे वटारून बाहेर बघत होती. वर सुतारपक्षी ठोकत होता.

"आपल्याच धंद्यातला," मेहेंदळे पुटपुटले. जेसीबी त्या कोपऱ्याच्या तोंडाशी येऊन उभा होता.

"हे पाडताय?"

"मग! इथंच तर फॉरेस्ट थीम गार्डन हाय."

मेहेंदळ्यांनी इंद्रजीतला सगळं सांगितलं. हेल्वी, भुंगेरे, चारातला एक जीव. इंद्रजीतनं शांतपणे ऐकून घेतलं. तो वडीलधाऱ्यांचं नेहमी ऐकून घेत असे.

"बरोबर हाय काका. पन मेलेलं झाड कोन ठेवतं? गिऱ्हाइक म्हनंल, बिल्डरच मेलाय."

"मग माझ्याकडून लाकूड नाही."

"बाजारात तुमचंच दुकान न्हाई," इंद्रजीत नम्रपणे म्हणाला आणि फोन आला म्हणून निघून गेला.

सुनीतीबाई तोवर शेजारच्या बंगल्याच्या ओट्यावर पोचल्या होत्या. तिथे इंद्रजीतची आई तुळजाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी चहा टाकला.

"त्या झाडाखाली म्या सरपान येचलंय," तुळजाबाई म्हणाल्या. "पोरगं झोळीत टांगून खुरपायला जायची, ती झोळी बी त्याच्याच फांदीला. त्योच आता त्याला पाडाया निघालाय. लई सांगितलं. पन आईचं कोन ऐकतंय?"

"मग कोणाचं ऐकतो तो?"

तुळजाबाईंनी लसणाची एक पाकळी सोलून होईस्तोवर विचार केला. "देवाला भितो," त्या म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

जेसीबीवाला बाभळीच्या सावलीतून उठून डबा खायला टपरीवर गेला, तेवढ्या दुपारच्या सुट्टीत देव प्रकट झाला. तुळजाबाईंनी घरातून शेंदूर आणि तेलाची वाटी आणली. त्यांचे गुडघे वाकत नव्हते. म्हणून शिरीषाच्या बुंध्याशी एक बऱ्यापैकी गोल दगड टेकवून त्याला शेंदूर फासला तो सुनीतीबाईंनी; ज्यांनी सबंध नोकरीत शाळेतल्या मुलांना अंधश्रद्धा निर्मूलनाचे निबंध लिहायला लावले होते, आणि ज्यांनी स्वतःच्या घरी गणपतीच्या आरतीलाही टाळी जेमतेम वाजवली होती. मेहेंदळे कुंपणाशी राखण करत उभे होते.

जेसीबीवाला परत आला, यंत्र चालू केलं, पुढे आला आणि थांबला. खाली उतरला. चपला काढल्या.

"मावशी, सकाळी हे नव्हतं."

"तुला दिसलं नसंल," तुळजाबाई म्हणाल्या. "वाळकोबा हाय त्यो. लई जुना. त्याचं झाड वाळकंच असतंय."

वाळकोबा हे नाव त्या क्षणापर्यंत त्रिभुवनात नव्हतं.

घरी जाताना सुनीतीबाईंनी बोटांवरचा शेंदूर पुसायचा प्रयत्न केला. निघेना. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता.

"तीस वर्षं मी जे शिकवलं ते एका दगडानं पुसलं."

"तीस वर्षं तू प्रकाशसंश्लेषण शिकवलंस," मेहेंदळे म्हणाले. "तुझा एक विद्यार्थी आज झाडाला हात लावायला घाबरला का? हा घाबरला." मग नेहमीपेक्षा मऊ आवाजात त्यांनी जोडलं, "रॉकेलनं निघेल ते. मी देतो."

इंद्रजीतला संशय आला नाही असं नाही. आपल्या आईला तो पुरता ओळखून होता. पण गावातली माणसं नारळ घेऊन येऊ लागल्यावर त्याचा व्यापारी मेंदू चालू लागला. महिन्याभरात फिनवुड हाइट्सच्या जाहिरातीत 'प्राचीन देवस्थान आणि नॉर्डिक पद्धतीचं नैसर्गिक वन, एकाच आवारात' असं छापून आलं. त्या बाजूच्या फ्लॅटांना 'सेक्रेड फॉरेस्ट व्ह्यू' असं नाव पडलं आणि ते आधी विकले गेले. तो पुन्हा मेहेंदळ्यांकडे आला. मेहेंदळ्यांनी त्याला पाडलेल्या इमारतींतलं जुनं सागवान लावायला सांगितलं. नव्या लाकडाचा एकही ट्रक दिला नाही. इंद्रजीतनं तेही जाहिरातीत घातलं.

सुनीतीबाईंनी शेंदरी दगडासकट झाडाचा फोटो हेल्वीला पाठवला. तिचं उत्तर आलं : वा, तुम्हीही राखायच्या झाडांना खूण करता! आम्ही फीत बांधतो. तुमचा रंग जास्त चांगला दिसतो, पण तो बुरशीला बाधत नाही ना? सुनीतीबाई हे वाचून किती तरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

पण खरं संकट लोक राहायला आल्यावर आलं. सोसायटीत दोन पक्ष पडले. एका पक्षाच्या बाल्कनीत भुंगेरे येत होते, म्हणून त्यांना झाडावर औषध मारून हवं होतं. दुसरा पक्ष भाविक होता, म्हणून त्याला वाळकोबाभोवती संगमरवरी चौथरा, वर पत्र्याचा मंडप आणि त्यासाठी आड येणाऱ्या ढोलीच्या फांद्या कापून हव्या होत्या. एक पक्ष झाडाला विष घालून मारणार होता, दुसरा भक्तीनं. अध्यक्षा शर्मिला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिनं देवावर आपला विश्वास नाही असं आधीच जाहीर केलं होतं आणि किड्यांवरही तिचा विश्वास नव्हता. सभेला तिनं मेहेंदळे दांपत्याला तज्ज्ञ म्हणून बोलावलं.

सुनीतीबाईंनी सभेला चित्रं दाखवली. पोखरणाऱ्या अळ्या, आळिंब्या, ढोलीतली पिल्लं. फ्लॅट घेताना जाहिरातीत ज्याचे पैसे मोजले ते वन म्हणजे हेच, असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकानं विचारलं, "मॅडम, व्हेरी नाइस. पण औषध कधी मारायचं?"

मागच्या रांगेतून तुळजाबाई उठल्या. जमिनीची मूळ मालकीण म्हणून त्यांना सभेत मान होता.

"वाळकोबाला औषिद चालत न्हाई," त्या म्हणाल्या.

औषधाचं विचारणारा खाली बसला.

"आणि मंडप?" भाविक पक्षातून आवाज आला.

"छप्पर बी चालत न्हाई. एकानं घातलं हुतं, त्याचं काय झालं ते सांगत न्हाई. लेकरं बसलीत."

मेहेंदळे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "मी लाकडाचा व्यापारी. मंडपाच्या खांबांना सागवान मी फुकट द्यायला तयार होतो. पण हे ऐकल्यावर माझी हिंमत नाही."

फुकट मिळणारी गोष्ट पुण्यातला माणूस भीतीनं नाकारतो आहे, याचा सभेवर फार परिणाम झाला. इंजिनिअर, डॉक्टर, सीए मंडळींनी हात वर करून ठराव केला : स्थानिक परंपरेचा मान राखून झाडावर फवारणी, छाटणी, बांधकाम कायमचं बंद. पडलेल्या फांद्याही तिथेच ठेवाव्यात. शेवटचं वाक्य सुनीतीबाईंनी हळूच घालायला लावलं. परंपरा नवी होती, त्यामुळे तिच्यात भर घालायला वाव होता.

तेव्हापासून दर अमावास्येला तिथे नारळ फुटतात आणि प्रसादाआधी सुनीतीबाई माहात्म्य सांगतात. माहात्म्यात भुंगेऱ्यांचे चार वंश आणि एक सुतारपक्षी येतो. लोक हात जोडून ऐकतात. वर्गात कोणी ऐकलं नसतं. मेहेंदळे नेहमी शेवटी बसतात. पाइन ते अजून विकतात, थोडं. ज्याचं घर खरंच उघडं आहे त्याला. भिंतीवरचं 'एक तोडलं की चार लावतात' हे वाक्य मात्र त्यांनी काढून टाकलं. आमोद आता त्याच्या जागी वाळकोबाचा फोटो लावू म्हणतो. त्यावर त्यांचा निर्णय झालेला नाही.

मागच्या अमावास्येला प्रसाद वाटून झाल्यावर शर्मिला एकटी मागे रेंगाळली. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून तिनं विचारलं, "मॅम, खरं सांगा. वाळकोबा असं काही आहे का?"

सुनीतीबाईंनी पडलेल्या फांदीची सुटलेली साल हलकेच उचलली. आत एक गलेलठ्ठ पांढरी अळी लाकूड पोखरत होती. बारीक करकर आवाज येत होता.

"हा बघ," त्या म्हणाल्या. "जेवतोय."

शर्मिला किंचाळली नाही. ती खाली वाकली, केस कानामागे सारले आणि बराच वेळ बघत राहिली.

"झाक आता ते," मागून मेहेंदळे म्हणाले. "जेवताना कोणी असं बघत नाही."